तू माझा सख्खा नाहीस, याबाबत

पांढुर्णा, रविवार

चि. गुणवंता यास मोरेश्वरदादाचे आशीर्वाद. तुझा गुडघा, रामाकोन्याची हवा आणि आंबिया बहाराची संत्री, तिन्ही ठीक आहेत असं धरून चालतो. इकडे मी आणि तुझी अलकावहिनी खुशाल, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

झालं असं, की आपल्या वृषालीचे दिवस भरत आले आणि आम्ही लेकीकडे कॅनडाला जायचं ठरवलं. चार वर्षांपूर्वी गेलो तेव्हा व्हिसाचा अर्ज मी स्वतः भरला होता. सख्खी भावंडं किती, असा रकाना होता. मी लिहिलं दोन: बहीण सुनंदा, भाऊ गुणवंता. (तुझं नाव लिहिताना अक्षरही चांगलं काढलं होतं.) यंदाचा अर्ज वृषाली भरायला बसली, तिने जुनी प्रत पाहिली आणि फोनवर कपाळच बडवलं. चुलतभाऊ तिथे लिहायचा नसतो म्हणे! आपणहून चूक कळवली तर ते लोक ऐकून घेतात. त्यांनी पकडली तर खोटारडा ठरवतात, आणि मग नातवंडाचं तोंड मोबाईलवरच पाहायचं. पण मी खोटं कुठे बोललो? काकू गेली तेव्हा तू दीड वर्षाचा. आईच्या एका मांडीवर सुनंदा, दुसरीवर तू, आणि मी मोठा म्हणून जमिनीवर. (त्याचा राग अजून आहे.) आणि आता यंदा तुझं नाव गाळलं, तर तिकडच्या साहेबाला वाटायचं, याने चार वर्षांत भावाचं केलं काय!

म्हणून सौंसरला वकिलाकडे गेलो. पुरावा म्हणून बाबांच्या वेळचं राशनकार्ड नेलं. त्यात माझ्या नावाखाली तू, आणि तुझ्यापुढेही 'पुत्र'! वकील चक्रावले. म्हणाले, "काकाजी, भाऊ हाये म्हनून राहिले का नाही म्हनून राहिले, एक काय ते सांगा नं." मी आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो, मग पाणी मागितलं. त्यात तुझ्या वहिनीने विचारलं, की मग जामसांवलीला मारुतीचा नवस तू आणि मी जोडीने फेडला तो कोणत्या नात्याने. वकिलांनी पेन खाली ठेवलं. मला तर आता सुनंदाचीही खात्री वाटेना.

असो. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा (इथे काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसताच)
मोरेश्वर

ता.क. सोबत एक कागद आहे. मी मोरेश्वरचा सख्खा भाऊ नाही, असं त्यात तुझ्या नावाने हिंदीत लिहिलंय. तुझी सही लागते. वाचू नको, नुसती सही कर. मी वाचला, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणखी ता.क. चूक कबूल करणारं पत्र मी काल पाठवून दिलं. त्यात शेवटी लिहायचं होतं, आम्ही परत येईपर्यंत घर आणि बगीचा कोणाच्या भरवशावर. मी लिहिलं, भावाच्या. वृषाली म्हणते, बाबा, तुम्ही पुन्हा तेच केलं. तुझ्या सहीचा तो कागद टपालाने पाठवू नको. तूच घेऊन ये, किल्ली न्यायला यायचंच आहे.