पासष्ट हजार दारं आणि गोदूबाई

कल्याण, गुरुवार दुपार

चिरंजीव ऋतुराज यास शेवंतीआजीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत आणि नौपाड्यात तुमच्याकडे पाणी वेळेवर येतं का, ते कळव. (माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, ऐकायला तुला सुट्टी काढावी लागेल.) हात विनितामामीचा आहे, बोलणं माझं.

गेल्याच्या गेल्या रविवारी तू दौलतमामाच्या कॉम्प्युटरवर ती फायरवॉल बसवून गेलास, तेव्हापासून माझे दिवस मजेत चाललेत. या घरात पहिल्यांदाच कोणीतरी बाहेर पडताना विचारून पडतंय. पडद्यावर चौकोन येतो, अमका बाहेर जाऊ म्हणतो, सोडू की अडवू? मामी वाचते, निवाडा मी करते. ओळखीचा असेल त्याला सोडायचं, बाकीच्यांना अडवायचं, असं तूच सांगितलंस. म्हणून मी आपली रीत लावली, नाव काय, गाव कुठलं, कोणाकडे निघालास? दौलत म्हणाला, "आई, कॉम्प्युटर आहे तो, चाळ नाही." पण त्याला पासष्ट हजार दारं असतात हेही त्यानेच सांगितलं. मी तेव्हापासून विचार करतेय, एवढी दारं लागतात कोणाला, आणि उंबरे पुसतं कोण?

काय काय निघालं म्हणून सांगू. आपला प्रिंटर मोडून माळ्यावर पडलाय त्याला दोन वर्षं झाली, पण त्याचा माणूस अजून रोज सकाळी परदेशी जाऊन नवीन काही आहे का विचारून येतो. (मालक गेला तरी गडी कामावर. वाईट वाटलं, पण अडवला.) एक हवामानवाला दर दहा मिनिटांनी निघायचा, त्याला म्हटलं, खिडकी उघडी आहे, बघ तिथूनच. आणि जो पत्त्यांचा खेळ काढून टाकला म्हणून दौलतने मामीला शपथेवर सांगितलं होतं, तो जेवणानंतर गुपचूप बाहेर पडताना सापडला. मामा तेव्हापासून तुझ्यावर नाराज आहे.

तर तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, एक बाहेरून आत येऊ बघत होता. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. वेळ बरोबर चारची. चहाच्या वेळेला नाव न सांगता येणारा माणूस चांगला असतो का, तूच सांग. मी म्हटलं, अडव.

त्या दिवसापासून गोदूबाई आली नाही. तुझ्या खालच्या मजल्यावर मुलाकडे राहते तीच. चाळीस वर्षं आम्ही एका नळावर भांडलो, आणि ती नौपाड्याला गेल्यापासून रोज चारला पडद्यावर येते, दोघी आपापला चहा घेऊन बसतो. आज अकरावा दिवस. मला वाटलं, रुसली. तू आलास त्याच रविवारी तिने स्वतः विणलेलं तोरण दाखवलं होतं, आणि मी म्हटलं, तोरण दाराबाहेर असतं हे बरं, घरातल्यांना बघावं लागत नाही. ती हसली, पण तोंड मिटून. मीही फोन केला नाही. मी का करू?

आज भांडी लावताना एकदम लक्षात आलं. चारची वेळ, नुसते आकडे, ती गोदूच असणार. हातात कप घेऊन बसलेल्या गोदूला मी माझ्याच तोंडाने अडवलं. आजचा चहा तसाच गार झाला.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. त्या डब्याचे धंदे पाहिल्यापासून मला कागदाचा भरवसा वाटतो. तो वाटेत कोणाकडे डोकावत नाही.

तुझी
शेवंतीआजी

ता.क. खरं काम असं, की खालच्या मजल्यावर जा आणि गोदूला सांग, चूक तुझ्या हातून झाली, तूच भलतं बटण दाबलंस. तू शिकलेला आहेस, तुझी चूक लोक विसरतील. माझी कळली तर ती मरेपर्यंत पुरवून खाईल.

ता.क. आणखी एक. इथवर लिहून झाल्यावर मामी आत्ता सांगतेय, की तिलाही पडद्यावर माहेरी बोलायचं होतं म्हणून तिने ते आकडेवाले त्या सोमवारीच संध्याकाळी सोडले होते. म्हणजे दार अकरा दिवस उघडंच आहे, आणि गोदू खरंच रुसलीय. तरी तू जा, आणि चूक तुझीच म्हणून सांग. तिला परत यायला काहीतरी निमित्त नको का? आणि तोरण छान आहे म्हण. मी म्हटलं असं नको सांगू. पण विचारलंच तर सांग.