नखभर फट

३ नोव्हेंबर
पिस्तुल फाउस्तोच्या हातातच फुटलं. अंगठा वाचला, तर्जनी गेली. शुद्धीवर येताच भाऊ म्हणाला, "ताई, वरची सरकती स्लाइड पुरती मिटली नव्हती. तरी गोळी उडली!"

४ नोव्हेंबर
नेमबाजी मंडळात सगळे हसले. बत्तिस्ता उस्ताद म्हणाले, "फट राहिली की चाप मेलेला असतो! गार्दोनेतलं शेंबडं पोरही सांगेल. काडतुसं घरी भरतो ना हा? बारूद जास्त ठासली, झालं! वर खोटं बोलतो." रविवारी सभासदांच्या पाटीवरून त्याचं नाव पुसणार. बावीस वर्षांचं नाव.

५ नोव्हेंबर
धुकं. मेल्ला नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. स्वप्नातही धुकंच होतं. स्लाइड पापणीसारखी मिटत येते – मिटत नाही. फटीतून उजेड.

आमच्या बंदूक-कारागिरांच्या खोऱ्यात आपल्या माणसाला पिस्तुल दिलं, तर आतले तुकडे स्वतः घासून देतात. कुणाला दिसत नाहीत. तरी.

७ नोव्हेंबर
मक्याचा मऊ पोलेंता घेऊन इस्पितळात गेले. फाउस्तो म्हणाला, "बारूदच जास्त झाली. माझं चुकलं."
"त्या दिवशी तर म्हणालास –"
"तेव्हा गुंगीत होतो गं."
बोलताना माझ्या हातांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "ते पिस्तुल नदीत टाक, ताई."

८ नोव्हेंबर
टाकलं नाही. खोललं.

फट असताना चापाचा घोड्याशी संबंध तोडणारी अटकण – डाळीएवढा तुकडा. तसल्याच दुसऱ्या, रिकाम्या पिस्तुलात पितळेची पट्टी घालून नखभर फट ठेवली. चाप ओढला. काही नाही. उस्ताद खरे. मग फाउस्तोची अटकण बसवली. तीच फट.
खट्!
पाचदा ओढला. पाचही वेळा घोडा पडला.

भिंगाखाली धरली. डोकं आखूड, सपाट, चकचकीत. वापराने झीज अशी होत नाही. कानशीने होते.

खिडकीत बसून राहिले. धुकं आत येत होतं असं वाटलं. भीती वाटली नाही. सगळं फार लांब होतं.

१० नोव्हेंबर, रविवार
तुकडा, पट्टी आणि ते रिकामं पिस्तुल मंडळात नेलं. उस्तादांनी स्वतः पाचदा चाप ओढून पाहिला. हातातलं पाटी पुसायचं फडकं खाली ठेवलं. नाव राहिलं. मग भिंग लावून म्हणाले, "आरसा केलाय आरसा! कोणाचा हात हा?"

माझा. त्याच्या पन्नाशीला ते पिस्तुल मीच घासून दिलं होतं. चाप लोण्यासारखा लागावा म्हणून.