कम्प्युटरच्या पोटातला कम्प्युटर

३ मार्च

दुकानातला कम्प्युटर आज तीनदा बंद पडला! चौथ्यांदा जाऊबाईंनी त्याच्या डोक्यावर थापट मारली तेव्हा उठला. वीस वर्षांचा म्हातारा. पण नक्ष्यांचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, नव्या कम्प्युटरवर उघडायलाच तयार नाही. आणि नक्षी नाही तर आमचं भरतकामाचं मशीन म्हणजे नुसतं लोखंड!

दुरुस्तीवाल्याला फोन केला. ‘उद्या येतो.’ आम्ही त्याचं नावच ‘उद्या’ ठेवलंय.

४ मार्च

‘उद्या’ आज चक्क आला! खोकं उघडलं, फुंकर मारली, मान हलवली. ‘ताई, याचे दिवस भरले. आता पार्ट मिळत नाहीत.’

मी म्हटलं, आणि शाळेची ऑर्डर? गणवेशाचे चारशे खिसे, वीस तारखेला द्यायचेत. यंदा शाळेला चिन्ह लहान करून हवंय – म्हणजे मूळ नक्षी उघडायलाच हवी.

मी बोटांवर दिवस मोजत बसले. आणि जाऊबाई? ‘चालेल तोवर चालेल,’ म्हणाल्या आणि रिळं लावायला गेल्या. लोकांना नवल वाटतं – दोघी जावा, एका दुकानात सत्तावीस वर्षं, तेही हातात सुया असताना! ते त्यांच्या या थंड डोक्यामुळेच.

५ मार्च

लेकीला फोन. तिला माझा कम्प्युटरचा धसका ठाऊक आहे. पूर्वी एकदा मी दुकानात कुठलंसं बटण दाबलं आणि चाळीस टॉवेलांवर नावं उलटी उमटली. तेव्हापासून कानाला खडा. नक्ष्यांचं सगळं जाऊबाईंकडे.

लेक म्हणाली, ‘आई, व्हर्च्युअल मशीन कर. मी तुला दिलेल्या लॅपटॉपच्या आत एक खोटा कम्प्युटर. त्यात जुनी सिस्टीम टाकायची. आतला मेला तरी बाहेरचा ठणठणीत.’

‘आणि मी काही बिघडवलं तर?’

‘बिघडव की! त्यासाठीच असतं ते. आधी एखादी फुकटची सिस्टीम घे आणि हात साफ कर.’

७ मार्च

जमलं! लॅपटॉपवर एक खिडकी उघडली आणि तिच्यात अख्खा दुसरा कम्प्युटर सुरू झाला. पहिल्या खेपेला मी उदार होऊन सगळी मेमरी आतल्यालाच दिली. बाहेरचा गुदमरला. मग निम्मी दिली. दोघे गुण्यागोविंदाने नांदायला लागले.

फक्त माउस आत गेला तो बाहेरच येईना! खिडकीच्या कडेला धडका मारतोय बिचारा. शेवटी बटण दाबून लॅपटॉपच बंद केला.

८ मार्च

उजवीकडचं कंट्रोल! ते दाबलं की उंदीर सुटतो. दीड दिवस गेला माझा.

१० मार्च

आज मुद्दाम खोड्या काढल्या. सिस्टीमच्या फायली दिसतील तशा पुसत सुटले. ‘नक्की?’ – नक्की! ‘परत विचार करा’ – केला! मग काय, काळा पडदा. उठेचना. पण आधी स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, म्हणजे चांगल्या अवस्थेची एक आठवण. एक बटण दाबलं आणि सगळं होतं तसं! बाहेरच्या लॅपटॉपला पत्ताही नाही.

दुपारभर तेच. तीन वेगवेगळ्या सिस्टीम टाकल्या, दोन मारल्या, दोन्ही जिवंत केल्या. चूक करून मी हसले. आजवर चूक केली की रडायचे, नाहीतर लपवायचे.

१३ मार्च

दुकानाच्या कपाटातून जुन्या सिस्टीमची सीडी काढली, सॉफ्टवेअरचीही. जाऊबाई बघत होत्या. ‘कशाला एवढी मरमर? राहू दे ना.’

राहू दे काय! चारशे खिसे आहेत!

लेकीने बजावलंय, जुनीला इंटरनेट द्यायचं नाही, तिला रोग लवकर लागतात. बरं बाई, राहील घरातच कोंडलेली.

नक्ष्या म्हाताऱ्यातून पेनड्राइव्हवर जाऊबाईंनीच उतरवून दिल्या. अकराशे निघाल्या. त्याला तीन तास लागले. मधे एकदा गचकेही खाल्ले त्याने.

१५ मार्च

उघडली!! शाळेचं चिन्ह, जसंच्या तसं! लहान केलं, चिंधीवर भरून पाहिलं – कापडाचा पार बोळा झाला. जाऊबाईंनी नुसती नजर टाकली. ‘आकार लहान केलास, टाके तेवढेच ठेवलेस. कमी कर.’ केले. सुरेख बसलं. मी टाळ्या पिटल्या. त्या म्हणाल्या, ‘झालं म्हणजे,’ आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

१७ मार्च

म्हातारा गेला. थापटीनेही उठला नाही. ‘उद्या’ने फोनवरच सांगितलं, ‘भंगारात द्या.’ मी खुशाल म्हटलं, जाऊ दे की! आमचा आतला धडधाकट आहे.

१९ मार्च

चारशेच्या चारशे! एक दिवस आधी! बोटांची चाळण, पाठीचं लाकूड, पण काय मजा.

२० मार्च

खिसे शाळेत देऊन येताना जाऊबाई फुटपाथवरच थांबल्या. ‘एक सांगू? रागावू नकोस. तो कम्प्युटर मरायची मी दोन वर्षं वाट बघत होते. तो गेला की मशीन बंद, मशीन बंद की मी सुटले. आता नाही गं होत माझ्याच्याने.’

‘मग बोलायचं नाही का, ताई?’

‘कसं बोलणार? तुझं सगळं यावरच. आणि तू कम्प्युटरला हात लावायला घाबरायचीस.’

सत्तावीस वर्षं शेजारी बसून मी एकदाही विचारलं नाही.

तिथेच हात पुढे केला. म्हटलं, दुकानाची किल्ली द्या, उद्यापासून मी एकटी उघडेन. द्यायला त्यांना क्षणही लागला नाही.