दिव्याबरोबर मावळणारा चंद्र

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस बोलवावा लागेल). तुझे गुडघे काय म्हणतात? लेकीच्या घरी जिना नाही, हे फार बरं झालं. वहिनी चहात साखर घालते, की नुसता चमचा वाजवून तुझं समाधान करते? मी इकडे मजेत आहे.

तू नाट्यगृहातला प्रोजेक्टर सोडून गेलास तेव्हा तुझ्या जागी माणूस घेऊ, असं मॅनेजर म्हणाला होता. माणूस आला नाही, टॅबलेट आला. आता दिवेही मीच चालवायचे आणि पडद्यावरची चित्रंही. "बटणं तुम्हाला हवी तशी बनवून घ्या," म्हणाला. हवी तशी! जन्मात मला हवं तसं काही बनवून मिळालेलं नाही (लग्नातला सूटसुद्धा तुझाच, लहान करून), त्यामुळे मी हुरळून गेलो. समुद्राला निळं बटण, आगीला लाल, पावसाला करडं. पण ती इतकी बारीक झाली की माझं बोट एकदम पाऊस, आग आणि मध्यंतरावर पडायचं. मोठी केली, तर समुद्राला जागा उरेना. शेवटी चंद्र वरखाली करायला एक उभी पट्टी बनवली. बोट वर सरकवलं की चंद्र वर. ती मला इतकी आवडली की तिचीच नक्कल काढून दिव्यासाठी दुसरी केली. रंग बदलला, नाव बदललं. आता या प्रत्येक पट्टीच्या पोटात एक पत्ता असतो, हुकूम कुठे पोचवायचा त्याचा. मी दिव्याचा पत्ता घातला, पण चंद्राचा जुना खोडायचा राहून गेला.

हे मला कळलं ते भर प्रयोगात. शेवटचा प्रवेश. मुलगा बोटीवर निघून गेलाय, आई खिडकीशी एकटी बसून बोलतेय, आणि मी उजेड हळूहळू उतरवायचा. मी बोट खाली ओढलं. उजेड उतरला, आणि मागचा पौर्णिमेचा चंद्रही निमूटपणे उतरायला लागला. घाबरून बोट वर नेलं, चंद्र वर. पुन्हा खाली, चंद्र खाली. घामाने बोट चिकटायला लागलं, तसा तो खिडकीत अडखळत नाचायला लागला. आपली नटी बोलायची थांबली. खिडकीकडे वळली आणि म्हणाली, "जायचं तर जा बाबा, राहायचं तर राहा. असा दारात घुटमळू नकोस." थिएटर हसलं. मग टाळ्या. दिग्दर्शक धावत वर आला. मला वाटलं नोकरी गेली. तर म्हणतो, "हे रोज असंच हवं!" म्हणजे आता झालेली चूक मला रोज न चुकता करावी लागते.

पण सांगायचं ते वेगळंच. लोक हसले तेव्हा मलाही हसू आवरेना, आणि मी डावीकडे वळून तुला कोपर मारलं. कोपर भिंतीवर आपटलं. पार खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. केबिनची काच बंद असते, आतलं हसू बाहेर कुणाला ऐकू जात नाही. एकट्याने हसून हसून माणूस किती हसणार? थोडा हसलो, मग कोपर चोळत टाळ्या संपायची वाट बघत बसलो.

आणखी एक. इतकी वर्षं तू शेजारी बडबडायचास, म्हणून मी हे नाटक चांगलं समजत होतो. आता ते सगळं ऐकू येतं. दुसरा अंक भयंकर लांबलाय.

वहिनीला नमस्कार, बापापेक्षा गुणी अशा माझ्या पुतणीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मॅनेजरला सांगितलंय की पुढच्या नाटकासाठी पट्टीतला जुना पत्ता कसा खोडायचा ते दाखवायला तुला बोलावतोय. मला खोडता येतो.

ता. क. आणखी एक: चार दिवस येऊन राहशील का? केबिनचा जिना मला माहीत आहे. नेपथ्याच्या दोन सुतारांशी बोलून ठेवलंय, ते तुला खुर्चीसकट वर आणायला तयार आहेत. तुझं वजन मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.