कोरफडीचा तुरा

सातारा,
ता. २० फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप हंबीरदादांना मनूचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल. थंडी ओसरली, सासूबाईंचा खोकलाही कमी आहे. वहिनींना सांगा, त्यांनी जतहून पाठवलेल्या कोरफडीला तुरा आलाय. पानफुटीही फुललीय, खाली मान घातलेली फुग्यासारखी फुलं. परसात रॉकेलचे कापलेले डबे ओळीनं मांडलेत, त्यांत ही सगळी.

तुम्ही म्हणाल, ही फुलांचं काय लिहीत बसली. तुम्ही पाठवलेल्या भाऊसोंनी तुमचा निरोप सांगितला, की मी यांना सोडून कायमचं माहेरी यावं. त्याचंच उत्तर लिहायचंय, पण हात वळत नव्हता.

इटलीत सुरुंगानं दोन्ही डोळे गेल्यावर हे घरी आले, तेव्हाचं तुम्ही पाहिलंत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. पावसाळ्यात एकदा मी डबे वळचणीखाली ओढत होते, तर उठून म्हणाले, “दे हिकडं.” उचलताना पानफुटीच्या पानाला हात लागला. काठावरून बोट फिरवत थांबले.

“अगं, हितं बारकं कायतरी फुटलंय.”

वाकून बघितलं, तर खरंच पानाच्या खाचेत कोंब होता.

तेव्हापासून डबे त्यांच्याकडे. मी कोरफडीला रोज पाणी घालायची. त्यांनी बुडखा चाचपून सांगितलं, “कुजाय लागलीया. लय पाजू नगंस हिला.” नासलेलं कापलं, रोप सावलीत सुकवलं आणि वाळूत पुन्हा लावलं. तीच आता फुललीय.

भाऊसो बोलत होते तेव्हा हे आतच होते. सगळं ऐकलं. जेवताना म्हणाले, “दादांचं काय चुकलं न्हाई. तुझं वय हाय. जा तू. मी कुणापाशी वाईट बोलणार न्हाई.”

दादा, तुमच्यापाशी काय लपवू? ताट घासून ठेवलं आणि ट्रंकेत लुगडी भरली.

सकाळी परसातून हाक आली. “फुलचुखी चिवचिवतीया. कोरफडीला फूल आलं व्हय?”

मी गेले. तुऱ्याच्या खालच्या कळ्या उमलल्या होत्या.

“रंग कंचा?”

“पिवळा. टोकाला हिरवट.”

त्यांनी दांड्यावरून हात हळूहळू वर नेला. “वरच्या अजून मिटलेल्या हायत. त्या उमलंस्तवर थांब. मग जा.”

“थांबायला मी पावनी हाय का?” मी म्हटलं.

मी आत येऊन ट्रंक रिकामी केली.

पुढं कसं निभेल ठाऊक नाही. मला भीती वाटते, आणि तुम्ही काळजीपोटीच बोलावलंत हेही कळतं. पण मला न्यायला म्हणून येऊ नका.

एरवी मात्र जरूर या. मागच्या खेपेला तुम्ही यांच्यासमोर बसून यांच्याबद्दल माझ्याशीच बोलत होतात, जणू ते तिथं नव्हतेच. आता याल तेव्हा आधी यांना हाक मारा. तुमचा आवाज ते ओळखतात.

तुमचीच बहीण, आणि या घरची,
मनुबाई मानसिंग