आईचा चाफा

नंदुरबार,
कोजागरीनंतरचा मंगळवार

ती. ताईस नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे. तुझा खोकला थांबला का?

आईचा चाफा हलवावा लागला, हे तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. मी बँकेत गेले असताना घरमालकाच्या मुलाने, भाईदासने, गाडीला जागा हवी म्हणून भर उन्हात तो उपटला. वर मला म्हणतो, "मावशी, झाडच शे ना? दुसरं लई देसू."

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेली सभ्यता तिथेच संपली. म्हटलं, "आईही दुसरी आणून दे."

सगळ्या अस्थी प्रकाशा तीर्थावर तापीत सोडू, असं तू म्हणत होतीस. मीच हट्टाने त्यातल्या मूठभर या चाफ्याखाली ठेवल्या. ती माती मी स्वतः ओंजळीने मागच्या भिंतीशी नेली. कामाला येणाऱ्या तुळशीबाईने तुटलेली मुळं कुजू नयेत म्हणून झाड दोन दिवस सावलीत सुकवलं आणि तिथे लावलं.

पानं सगळी गळलीत. तुळशीबाई म्हणते, सालीला नख लावून बघा. आत हिरवं असेल तर जगेल.

आठ दिवस झाले, मी नख लावलेलं नाही. दिवाळीला ये. तूच बघ.

तुझी हट्टी,
कामिनी