सासऱ्यांचा जास्तीचा वाडगा

जेचॉन, शरद १९९४

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या जुनप्योचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थंडीआधी जावो. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त जगावंसं वाटत नाही.

सगळं झालं त्या टेकडीच्या लढाईवरच्या सिनेमामुळे. पदक मिळालेला शूर शिपाई खरं तर खड्ड्यात लपला होता, लढला आणि मेला तो त्याचा मित्र, असं त्यात दाखवलंय. म्हातारपणी हा शिपाई वडिलांच्या श्राद्धाला त्या मित्रासाठी भाताचा एक वाडगा गुपचूप जास्तीचा मांडतो. सोलचे समीक्षक तिथे ढसाढसा रडले. आमचे माजी सैनिक थिएटरसमोर धरणं धरून बसले. मला साप्ताहिकात परीक्षण लिहायचं होतं आणि कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून युद्धाबद्दल अवाक्षर न काढता मी त्या वाडग्यावर घसरलो. परक्याला आपल्या पितरांच्या पंगतीत कोण बसवतं? दिग्दर्शकाने जन्मात श्राद्ध पाहिलेलं नाही. प्रस्तुत समीक्षक घरजावई या नात्याने बारा वर्षं त्याची तयारी करतो आहे, असं ठणकावून लिहिलं. (सासऱ्यांनाही त्याच टेकडीच्या लढाईतलं पदक आहे, हे लिहिताना डोक्यातच आलं नाही.)

माजी सैनिकांनी माझा सत्कार केला. भाषणात मला 'शौर्याचा रखवालदार' म्हणाले. (सपाट तळव्यांमुळे मला सैन्यात घेतलं नव्हतं, हे सांगायची संधी मिळाली नाही.) सासरे काही आले नाहीत. घरी परतलो तर ते भिंग धरून माझंच परीक्षण वाचत होते.

"जावईबापू, आपल्या घरी असं कुणी करत नाही म्हणता?"

"छे हो, बाबा!"

"मग माझा तो टवका उडालेला वाडगा दरवर्षी जातो कुठं?"

ताई, आमच्याकडे पितळी वाडगे नेमके लागतील तेवढेच आहेत. सगळे मांडून झाले की सासरे शेवटी तो चिनीमातीचा वाडगा भरून ठेवतात. मला वाटायचं, वयामुळे मोजण्यात चूक होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांची पाठ वळली की मी तो हळूच स्वयंपाकघरात न्यायचो.

"आणि त्या भाताचं काय करता?"

"खातो."

ते उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आज चौथा दिवस. ताट दारातूनच परत येतं. म्यंगहे, माझी बायको असून, माझ्याशी मांजरामार्फत बोलते: "विचार गं त्या रखवालदाराला, आज कुणाचा भात गिळणार आहे?" रविवारी श्राद्ध आहे. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तुझा करंटा भाऊ,
जुनप्यो

ता.क. आईच्या पितळी वाडग्यांपैकी एक, चमच्यासकट, रविवारच्या आत बसने पाठव. चिनीमातीचा आता मांडवणार नाही.

आणखी ता.क. ज्याच्यासाठी हवा त्याचं नाव कू दोलसे. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यामागे भात मांडणारं कुणी नाही. टेकडीवर मेला तेव्हा तीन दिवसांचा उपाशी होता, असं काल सासरे दाराआडून म्हणाले. वाडगा जरा मोठा बघ, ताई. बारा वर्षं त्याचं जेवण मी जेवलोय, वर किमची मागून घेऊन.